सर्ज ब्लँको आजच्या रग्बीत टिकला असता का?

पश्चिमरंग

क्रिकेटच्या गदारोळात आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दमियाँ पेनोने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळताना फ्रान्सतर्फे सर्वाधिक ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) करण्याचा विक्रम आपल्या नावावर केला. आधीचा विक्रम ३८ ट्रायचा होता आणि तो होता सर्ज ब्लँकोचा. ब्लँको शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला १९९१ मध्ये. मधल्या ३४ वर्षांत फ्रान्समध्ये एकाहून एक वेगवान विंगर (कडेने धावणारे खेळाडू) होऊन गेले, कुणालाही तो आकडा ओलांडता आला नाही.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५८, काराकासचा. वडील व्हेनेझुएलाचे, आई बास्क. वडील फार लवकर गेले, मग आई या लहानग्याला घेऊन बियारित्झला माहेरी परतली. तिथेच वाढला, तिथल्याच क्लबाकडून शेवटपर्यंत खेळला. १९८० ते १९९१ मध्ये फ्रान्ससाठी ९३ सामने, त्यातले बहुतेक फुलबॅक म्हणून. १९८१ आणि १९८७ ची ग्रँड स्लॅम (तेव्हाच्या पाच देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं), १९८७ च्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम फेरी, शेवटी शेवटी कप्तानी. लोक त्याला रग्बीचा पेले म्हणायचे.

आता मुद्दा. जुन्या फिती बघत बसलो होतो. हा माणूस स्वतःच्या गोलरेषेच्या मागे चेंडू हातात आला तरी बाहेर लाथाडायच्या ऐवजी धावत सुटतो! आजच्या प्रशिक्षकाने त्याला पंधराव्या मिनिटाला बाकावर बसवला असता. माझं मत सरळ आहे : ब्लँको आजच्या रग्बीत संघात आला असता, पण ब्लँको म्हणून राहिला नसता. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज

पहिला! निवांत वाचतो. रग्बी म्हणजे ते हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जातात तेच ना?

पश्चिमरंग

नाही हो, ते अमेरिकन फुटबॉल. इथे हेल्मेट नाही, चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही आणि दर पाच सेकंदांनी खेळ थांबत नाही.

चहाबाज

म्हणजे पुढे जायचं, पण पास मागे द्यायचा? आमच्या ऑफिसात हेच चालतं.

जिमखाना_भिजका

😂

धागाकर्त्यांशी अर्धाच सहमत. कॉलेजात असताना बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात भर पावसाळ्यात फुलबॅक खेळलोय, त्यामुळे दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

फुलबॅक म्हणजे १५ नंबर, सगळ्यांत मागे उभा असलेला शेवटचा माणूस. समोरच्यांनी उंच उडवलेला चेंडू त्याने झेलायचा. तो खाली येईपर्यंत चार धिप्पाड माणसं अंगावर येत असतात आणि नजर मात्र आभाळात ठेवायची असते. चेंडू हातात आला की दोनच रस्ते. लाथ मारून मैदानाबाहेर घालवायचा, म्हणजे संकट टळलं. नाहीतर धावायचं. धावलात आणि पकडले गेलात, तर तुमचे साथीदार सगळे पुढे, तुम्ही मागे एकटे, आणि चेंडू गेला समोरच्यांकडे.

ब्लँको दुसरा रस्ता घ्यायचा. पण ते वेडं धाडस नव्हतं हे लक्षात घ्या. आपल्या कबड्डीतला चांगला चढाईपटू आधी साखळीतला ढिला दुवा हेरतो आणि मगच आत शिरतो, तसं तो करायचा. चेंडू झेलायच्या आधीच त्याने समोरची रांग वाचलेली असायची. पाठलाग करणारी माणसं कधीच एका सरळ रेषेत येत नाहीत. एखादा जड फॉरवर्ड (पुढच्या फळीतला धिप्पाड गडी) मागे राहतो, तिथे फट पडते. तो नेमका त्या फटीकडे तिरका पळायचा.

ही नजर कुठल्याही काळात चालते.

आकडेमोड

फक्त आकडे ठेवतो, वाद तुमचा तुम्ही घाला.

ब्लँको : ९३ सामने, ३८ ट्राय. पेनो : साठेक सामन्यांतच त्याच्या पुढे. म्हणजे सरासरीत पेनो सरळसरळ वरचढ. पण पेनो विंगर आहे, ट्राय करणं हे त्याचं मुख्य काम. फुलबॅकने अडतीस ट्राय करणं हे वेगळं प्रकरण आहे, अगदी ब्लँको मधूनमधून विंगवर खेळला होता हे धरूनसुद्धा. शिवाय ब्लँकोच्या पूर्ण काळात ट्रायचे गुण चारच होते, पाच झाले १९९२ मध्ये.

अवांतर : पेनोचे वडील आलँ पेनो हेही फ्रान्सकडून खेळले आहेत. खानदानी काम.

मीनल_तुलूझ

अरे वा, रग्बीवर मराठीत धागा! मी कामानिमित्त तुलूझला राहते. इथे रग्बी नाही कळलं तर सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी तोंड बंद ठेवून उभं राहावं लागतं, म्हणून शिकले.

सध्या इथे विषय एकच असतो, आंत्वान द्युपाँ. २०२३ च्या विश्वचषकात नामिबियाविरुद्ध गालाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याच्या आत तो उपांत्यपूर्व सामन्यात उतरला. पुढच्या वर्षी सहा देशांची स्पर्धा सोडून सेव्हन्सकडे (सात-सात जणांच्या रग्बीकडे) वळला आणि पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन आला. त्यामुळे तिशीच्या आतल्या कुणाला विचारलं तर सर्वकालीन श्रेष्ठ फ्रेंच खेळाडू म्हणजे द्युपाँ. वाद संपला.

पण माझे एक सहकारी मूळचे बायोनचे आहेत, निवृत्तीला आलेले. बायोन आणि बियारित्झ म्हणजे अक्षरशः शेजारी, मधे फक्त आंग्ले नावाचं गाव. दोन्ही क्लबांचं हाडवैर. म्हणजे ब्लँकोचं कौतुक करणं हा या माणसासाठी अधर्मच! तरी ते म्हणतात, द्युपाँ चुका करत नाही म्हणून मोठा आहे, आणि ब्लँकोला चुकायची भीती नव्हती. लगेच पुढे जोडतात की तरी बियारित्झवाले शिष्टच.

वऱ्हाडी_ठेचा

एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो बाप्पा. ब्लँको खेळत होता तेव्हा रग्बी हौशी खेळ होता, पगार-बिगार काही नाही. पोटासाठी भाऊ दासोच्या विमान कारखान्यात फिटर होता, त्याच आंग्लेला. दासो म्हणजे आपल्या मिराज आणि राफेलवाली. आता याच दासोचं काम आमच्या नागपुरात मिहानमध्ये चालते, फाल्कन विमानाचे भाग बनतात. म्हणजे ब्लँको हिशोबाने आमच्या नागपूरचाच झाला ना! संत्री पाठवून देऊ का?

चहाबाज

मिहानमधून फुलबॅक निघाला की कळवा.

सदाशिव_उत्तर

इथे सगळे आरती ओवाळताहेत, म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

त्याने जिंकलं काय? विश्वचषक नाही. १९८७ ची अंतिम फेरी ईडन पार्कवर न्यूझीलंडकडून २९-९ अशी साफ हरले. १९९१ ला घरच्या मैदानावर, पार्क दे प्रँसवर, उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून १९-१०. फ्रेंच लीगची ती प्रसिद्ध ढाल, बुक्लिए द ब्रेन्यूस, तीही कधी मिळाली नाही. आयुष्यातला शेवटचा सामना म्हणजे १९९२ ची लीगची अंतिम फेरी, तीसुद्धा तुलाँकडून १९-१४ हरले. आणि त्या इंग्लंडच्या सामन्यात उशिरा केलेल्या टॅकलवरून ब्लँकोने आणि त्याचा साथीदार एरिक शँपने इंग्लंडच्या नायजेल हेसलॉपला ठोसे लगावले होते, ते विसरायचं नाही. सामना संपल्यावर प्रशिक्षक दुब्रोका पंचांच्या अंगावर धावून गेले आणि पुढे त्यांना पद सोडावं लागलं. एका महान कारकिर्दीचा असा शेवट.

फ्रेंचांना सुंदर हरणं आवडतं. त्यालाच ते शैली म्हणतात.

मीनल_तुलूझ

@सदाशिव_उत्तर, ढालीबद्दल बरोबर. पण दोन ग्रँड स्लॅम काय वाटेत पडले होते? आणि १९८७ ची अंतिम फेरी सांगताना त्याआधीचा उपांत्य सामना सोयीस्करपणे गाळलात.

१३ जून १९८७, सिडनीचं कॉन्कर्ड ओव्हल. ऑस्ट्रेलिया यजमान आणि अंतिम फेरी गाठणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. सामना कधी इकडे तर कधी तिकडे. अगदी शेवटाकडे २४-२४. आणि मग फ्रान्सची ती चाल सुरू होते. चेंडू या कडेकडून त्या कडेकडे, हातातून हातात, फॉरवर्ड काय नि बॅक काय, सगळ्यांनी हात लावलेला. दोनदा वाटतं, संपलं आता. शेवटी रॉद्रिगेझकडून चेंडू ब्लँकोकडे येतो आणि तो डाव्या कोपऱ्याकडे धावत सुटतो. ऑस्ट्रेलियाचा हुकर टॉम लॉटन त्याला गाठायला झेपावतो, तोवर हा कोपऱ्याच्या झेंड्याशी चेंडू टेकवून मोकळा. ३०-२४.

ज्यांनी रग्बी कधीच पाहिलेलं नाही त्यांनी एवढी एकच फीत पाहावी. नियम नाही कळले तरी चालतील.

सदाशिव_उत्तर

पाहिली आहे. त्या चालीत रॉद्रिगेझच्या हातून चेंडू पुढे निसटला होता, असं ऑस्ट्रेलियाचे लोक अजून म्हणतात. आज टीएमओने (चित्रफीत पाहून निकाल देणाऱ्या पंचाने) तीन कोनांतून बघून तो ट्राय रद्द केला असता आणि हा धागाही निघाला नसता.

पश्चिमरंग

हे मात्र माझ्या मुद्द्याला बळ देणारं आहे! 😄

कोकणकडा

वेगळा प्रश्न. ब्लँकोचं आंतरराष्ट्रीय पदार्पण नोव्हेंबर १९८० मध्ये प्रिटोरियाला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झालं. ३७-१५ हरले. तेव्हा वर्णभेद जोरात होता. दक्षिण आफ्रिकेच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एरॉल टोबायस, आला १९८१ मध्ये. म्हणजे लॅटिन अमेरिकी वडिलांचा हा सावळा पोरगा अशा मैदानावर उतरला, जिथे प्रेक्षकांच्या जागासुद्धा वर्णाप्रमाणे वाटलेल्या होत्या. फ्रेंच संघाने तिथे जायलाच नको होतं. आपण १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम फेरी सोडून दिली, दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला. विजय अमृतराजच्या पिढीचा हातातोंडाशी आलेला घास गेला, पण देश म्हणून ताठ उभे राहिलो.

जिमखाना_भिजका

चांगला मुद्दा. पण बावीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा देशाचा शर्ट मिळतोय आणि दौरा ठरवणारे दुसरेच आहेत. जाब विचारायचा तर महासंघाला. राष्ट्रकुलातल्या देशांवर १९७७ च्या ग्लेनईगल्स कराराचा (वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळू नये असं ठरवणारा) थोडा तरी दबाव होता. फ्रान्स राष्ट्रकुलात नाही, त्यामुळे तो धरबंधही नव्हता. आणि दबाव असून काय झालं? त्याच १९८० साली ब्रिटिश लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा निवडक संघ) दक्षिण आफ्रिकेत खेळून आले आणि १९८१ मध्ये न्यूझीलंडने स्प्रिंगबॉक्सना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या संघाला, आपल्या घरी बोलावलं. तिथे लोकांनी मैदानात घुसून हॅमिल्टनचा सामना बंद पाडला.

कोकणकडा

मान्य, खेळाडूला दोष देत नाहीये. पण अशा माणसांच्या चरित्रात ही ओळ कायम घाईघाईने उरकली जाते, म्हणून लिहिलं.

मुळा_मुठा

तुम्ही सगळे मैदानावरच अडकलात. मला त्याचा दुसरा डाव जास्त रंजक वाटतो. ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत रग्बी व्यावसायिक झालं. म्हणजे ब्लँको निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी पैशाचे दरवाजे उघडले. दुसरा कुणी कडवट झाला असता. याने काय केलं? १९९८ मध्ये फ्रान्सची व्यावसायिक लीग संस्था स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच. दहा वर्षं खुर्चीवर. १६ संघांची स्पर्धा २००५ मध्ये १४ वर आणली ती याच्याच काळात. आज टॉप १४ ही जगातली सर्वांत श्रीमंत रग्बी लीगांपैकी एक आहे.

शिवाय कपड्यांचा ब्रँड, त्यावर १५ आकडा. आंदायला समुद्राकाठी हॉटेल आणि समुद्रस्नानाचं उपचारकेंद्र. कारखान्यातला फिटर ते हा पसारा. हौशी खेळाच्या जमान्यातल्या माणसाने खेळाच्या नावावर उभं केलेलं हे साम्राज्य बघितलं तर "पूर्वीचे लोक निरपेक्ष होते" वगैरे उसासे टाकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मीनल_तुलूझ

साम्राज्याची दुसरी बाजूही लिहा ना. लीगमध्ये पैसा आला तसे बाहेरचे खेळाडू आले आणि फ्रेंच पोरांना क्लबात जागा मिळेना, ही ओरड इथे कितीतरी वर्षं चालली. शेवटी स्थानिक प्रशिक्षण घेतलेल्या खेळाडूंचा कोटा आणावा लागला.

आणि स्वतःचा क्लब? बियारित्झने २००२, २००५ आणि २००६ ला लीग जिंकली, युरोपच्या दोन अंतिम फेऱ्या हरले. २०१४ मध्ये मात्र वरच्या श्रेणीतून खाली घसरले, तेव्हा क्लबाचा अध्यक्ष ब्लँकोच होता. मग बायोनशी विलीनीकरणाचा बेत निघाला. माझ्या त्या सहकाऱ्यांसमोर हा विषय काढला की अजून कप खाली ठेवतात. बेत अर्थात बारगळला. २०२१ मध्ये याच दोन संघांत वरच्या श्रेणीसाठी सामना झाला, बरोबरी सुटेना म्हणून थेट पेनल्टी किकांवर निकाल लागला आणि बियारित्झ वर गेलं. वर्षभरात परत खाली.

वऱ्हाडी_ठेचा

दोन गावं, मधात एक गाव, आणि एकत्र यायला तयार नाहीत. हे तर आमच्याकडच्या साखर कारखान्याइतकं... जाऊ द्या, राजकारण नको.

चहाबाज

फीत पाहिली. शेवटचा ट्राय तीनदा पाहिला. हे एवढं पळणारे लोक खातात काय?

मुळा_मुठा

इतरांचं माहीत नाही, हा गडी सिगारेट ओढायचा. ऐन कारकिर्दीत. जगजाहीर होतं.

चहाबाज

संपलं. बायकोला हा धागा दाखवता येणार नाही.

जिमखाना_भिजका

आता मूळ प्रश्नावर येतो. @पश्चिमरंग, तुम्ही म्हणता गोलरेषेमागून धावणारा आज बाकावर बसला असता. ती १९९१ ची ट्विकनहॅमची चाल तुमच्या डोक्यात असणार.

न पाहिलेल्यांसाठी : १६ मार्च १९९१, इंग्लंड आणि फ्रान्स, दोघांनाही ग्रँड स्लॅमची संधी. इंग्लंडच्या हॉजकिन्सनची पेनल्टी किक चुकते. जगातला कुठलाही संघ तिथे चेंडू टेकवून श्वास घेतो. फ्रान्सचा बेर्बिझिए गोलरेषेमागे चेंडू उचलतो, ब्लँकोला देतो आणि कप्तान साहेब निघाले! लाफाँ, सेला, मग कांबेराबेरो. तो धावता धावता चेंडू बचावपटूच्या डोक्यावरून उडवतो, स्वतःच झेलतो आणि मैदानाच्या मधोमध आडवी लाथ मारतो. सँ-आंद्रे तो पकडून थेट खांबांखाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. इंग्लंडच्या प्रेक्षकांची वाचाच बसली.

आता आजचे नियम घ्या. २०२१ पासून ५०-२२ चा नियम आहे. स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला चेंडू टप्पा घेऊन समोरच्यांच्या २२ मीटरच्या पट्ट्यातून बाहेर गेला तर लाइनआउट (कडेवरून चेंडू आत फेकायचा हक्क) मारणाऱ्यालाच मिळतो. त्या भीतीने संघ मागे जास्त माणसं ठेवतात, म्हणजे पुढची रांग पातळ होते. ब्लँकोला यापेक्षा जास्त काय हवं होतं?

पश्चिमरंग

नियमाचं पटलं. पण तुम्ही बदली खेळाडू विसरताय. त्या काळात दुखापत झाली तरच माणूस बदलता यायचा, डावपेच म्हणून बदल करायची मुभा १९९६ मध्ये आली. ऐंशी मिनिटं तेच पंधरा जण. ब्लँकोच्या गाजलेल्या कितीतरी धावा थकलेल्या पायांविरुद्ध आहेत. १९८७ चा तो ट्राय नेमका कधी झाला? शेवटच्या मिनिटांत! लॉटन बिचारा अख्खा सामना स्क्रममध्ये (फॉरवर्डच्या ढकलाढकलीत) घासून आलेला, तो काय पोचणार कोपऱ्यात? आज त्या क्षणी दक्षिण आफ्रिकेसारख्या संघाचे सहा-सात ताजे फॉरवर्ड बाकावरून मैदानात आलेले असतात. फट दिसेल हो, पण पोचेपर्यंत ती बुजलेली असेल.

आणि आजचे बॉक्स-किक बघा. चेंडू इतका मोजून उंच मारतात की झेलणारा आणि झडप घालणारा एकाच वेळी पोचतात. समोर वाचायला रांग उरतेच कुठे?

आकडेमोड

थकव्याचा मुद्दा दोन्ही बाजूंना लागू होतो. ब्लँकोही तीच ऐंशी मिनिटं खेळलेला होता. आणि सिगारेट ओढून.

सदाशिव_उत्तर

आजवर या धाग्यातलं सर्वांत भक्कम विधान.

त्या ट्विकनहॅमच्या सामन्याचा निकाल मात्र कुणीच लिहिला नाही. इंग्लंड २१, फ्रान्स १९. ग्रँड स्लॅम इंग्लंडला. चार पेनल्टी शांतपणे मारल्या की शतकातला ट्राय पुसला जातो.

मीनल_तुलूझ

पुसला गेला असता तर तुम्हाला तो माहीत नसता. त्या दिवशीच्या हॉजकिन्सनच्या बसलेल्या पेनल्ट्यांपैकी एक तरी सांगा, कुठून मारली होती?

सदाशिव_उत्तर

हॉजकिन्सनला विचारून सांगतो.

चहाबाज

एक बाळबोध प्रश्न. १९८७ च्या फितीत ट्राय झाल्यावर तो दुसरा माणूस एवढ्या लांब कडेला जाऊन लाथ का मारतो? समोरून मारायची ना.

जिमखाना_भिजका

ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतच मागे जाऊन कन्व्हर्शन मारावी लागते. खांबांखाली टेकवला तर सोपी, कोपऱ्यात टेकवला तर थेट कडेवरून. ब्लँकोने टेकवला झेंड्यापाशी, म्हणून कांबेराबेरोला कडेवरून मारावी लागली. ती बसली म्हणून २८ चे ३० झाले.

मीनल_तुलूझ

आणि हे क्षुल्लक समजू नका. २०२३ च्या उपांत्यपूर्व सामन्यात टोमा रामोसची अशीच एक कन्व्हर्शन चेस्लिन कोल्बेने धावत येऊन अडवली. फ्रान्स हरलं २८-२९. इथे ते नाव अजून जपून घ्यावं लागतं.

चहाबाज

म्हणजे नायकाने झेंड्यापाशी उडी मारून टाळ्या घ्यायच्या आणि कोनाचा हिशोब कांबेराबेरोने करायचा. त्याच्यावर धागा कोण काढतंय?